पहिलं एडिटिंग मशीन: आधी फुटेज उघडा, मग पार्टांची यादी करा

माझ्या पहिल्या एडिटिंग मशीनमध्ये १६ कोअरचा प्रोसेसर होता, १२८ जीबी रॅम होती आणि ग्राफिक्स कार्ड तेव्हाच्या वरच्या फळीतलं होतं. पहिल्याच कामाचं फुटेज टाइमलाइनवर टाकलं, स्पेसबार दाबला आणि चित्र आचके देत चालायला लागलं. दोन दिवस मी ड्रायव्हर बदलत बसले. तिसऱ्या दिवशी एका मैत्रिणीच्या साध्या लॅपटॉपवर तेच फुटेज उघडून पाहिलं, तर तिथे ते झुळझुळ वाहत होतं.

कारण शोधायला आणखी एक दिवस गेला. कॅमेऱ्याने १० बिट (रंगाच्या जास्त छटा), ४:२:२ (रंगाची जास्त माहिती) असं एच.२६५ फुटेज दिलं होतं; एच.२६५ ही व्हिडिओ दाबून साठवायची एक पद्धत. माझ्या ग्राफिक्स कार्डात तो प्रकार डीकोड करायची, म्हणजे उलगडून दाखवायची, सोय नव्हती, आणि प्रोसेसर मी नेमका अंगभूत ग्राफिक्स नसलेला घेतला होता. सगळा भार कोअरवर पडत होता. मैत्रिणीच्या लॅपटॉपच्या प्रोसेसरमध्ये तेवढ्याच कामासाठी एक छोटासा कोपरा राखीव होता. संपला विषय.

तेव्हापासून कुणी विचारलं की "कुठलं मशीन घेऊ?", तर मी उलट विचारते, "फुटेज कुठलं आहे?" पुढचा सगळा क्रम त्या प्रश्नावरच उभा आहे.

१. कामाची कुंडली मांडा

कागद घ्या. मशीनचा एकही पार्ट बघण्याआधी एवढं लिहून काढा:

- फुटेज कुठल्या कोडेकमध्ये (दाबून साठवायच्या पद्धतीत) येणार, किती बिट, ४:२:० (रंगाची माहिती कमी) की ४:२:२, रिझोल्यूशन आणि फ्रेम रेट किती
- एका कामाचं एकूण फुटेज साधारण किती तास
- एकाच वेळी किती कॅमेरे टाइमलाइनवर चालणार
- तुम्ही नक्की काय करणार: फक्त कट, की ग्रेडिंग (रंगकाम), व्हीएफएक्स (दृश्य परिणाम), साउंडसुद्धा
- शेवटी काय द्यायचं: वेबसाठी फाइल, प्रोरेस (ॲपलचा एडिटिंगचा कोडेक) मास्टर की डीसीपी (सिनेमागृहात दाखवायचं फाइलचं पॅकेज)

पहिल्या ओळीचं उत्तर कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकावरून भरू नका. एकच कॅमेरा पाच-सहा प्रकारे रेकॉर्ड करतो. ज्यांच्याबरोबर काम करणार आहात त्यांच्याकडून दोन-तीन खऱ्या क्लिप मागून घ्या आणि मीडियाइन्फो या फुकट प्रोग्रॅममध्ये उघडा. कोडेक, बिट डेप्थ, क्रोमा (म्हणजे ते ४:२:० की ४:२:२), बिटरेट (सेकंदाला किती डेटा) सगळं एका पानावर दिसतं. या क्लिप जपून ठेवा, खरेदीच्या दिवशी लागणार आहेत.

२. फुटेज दाबलेलं कसं आहे ते समजून घ्या

नवखे लोक फाइलच्या आकारावरून अंदाज बांधतात: फाइल छोटी म्हणजे हलकी. एडिटमध्ये बरेचदा उलटं असतं.

एच.२६४ आणि एच.२६५ मध्ये सहसा प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते. अधूनमधून एक पूर्ण फ्रेम, आणि मधल्या फ्रेममध्ये फक्त काय बदललं त्याची नोंद. सरळ बघताना हे चालून जातं. पण एडिटर सरळ बघत नाही. तो मागे जातो, मधेच उडी मारतो, उलटं चालवतो. प्रत्येक उडीला मशीनला मागची पूर्ण फ्रेम शोधून तिथपासून सगळं पुन्हा जुळवावं लागतं. प्रोरेस आणि डीएनएक्सएचआर या कोडेकमध्ये प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते. त्यामुळे फाइल अवाढव्य होते, पण प्रोसेसरला श्वास घ्यायला जागा मिळते. म्हणजे पहिल्या प्रकारात भार डीकोडिंगवर येतो आणि दुसऱ्यात डिस्कवर. तुमचं फुटेज कुठल्या बाजूला आहे त्यावर पैसे कुठे घालायचे ते ठरतं.

१० बिट ४:२:२ एच.२६५ हा हल्लीच्या मिररलेस कॅमेऱ्यांचा लाडका प्रकार, आणि सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या अंगभूत ग्राफिक्समध्ये तो डीकोड करायची सोय आहे. ॲपलच्या एम मालिकेतल्या चिपमध्ये आहे. एनव्हीडियाने ती आरटीएक्स ५० मालिकेत, म्हणजे २०२५ मध्ये आणली. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावात आकड्यानंतर 'एफ' हे अक्षर असेल, तर त्यात अंगभूत ग्राफिक्स नसतं. दिसायला एका अक्षराचा फरक आहे. माझे चार दिवस त्या एका अक्षरात गेले.

रॉ फुटेज, म्हणजे सेन्सरवरून जवळपास जसंच्या तसं आलेलं, असेल तर गणित पुन्हा बदलतं. रेड या कॅमेरा कंपनीचं किंवा ब्लॅकमॅजिकचं रॉ उलगडायला ग्राफिक्स कार्डाचा चांगला उपयोग होतो, त्यामुळे तिथे कार्ड दमदार हवं.

आणि हो, प्रॉक्सी. मूळ फुटेजच्या हलक्या प्रती बनवून त्यावर कट करायचा, ग्रेडिंगच्या वेळी मूळ फुटेज जोडायचं. नवख्यांना यात कमीपणा वाटतो. का ते मला कळलेलं नाही, मोठमोठ्या चित्रपटांचा कट ऑफलाइनमध्येच, म्हणजे अशा हलक्या प्रतींवरच, होतो. तुमचं काम फक्त कट करण्याचं असेल, तर प्रॉक्सीवर मधल्या फळीतलं मशीनही वर्षानुवर्षं साथ देतं.

३. सॉफ्टवेअर कुणाच्या खांद्यावर बसतं ते बघा

एडिट आणि ग्रेडिंगचं दाविंची रिझॉल्व्ह ग्राफिक्स कार्डावर जगतं. आफ्टर इफेक्ट्सला रॅम हवी आणि वेगवान कोअर हवेत. प्रीमियर प्रो दोन्हींच्या मधे. ॲव्हिड मीडिया कंपोझर प्रामुख्याने प्रोसेसरवर चालतं, त्याच्यासाठी सगळ्यात महागडं कार्ड घेणं म्हणजे पैसे गोठवणं. डीसीपी बनवायचा असेल तर प्रत्येक फ्रेम जेपीईजी २००० मध्ये एन्कोड होते, आणि प्रोसेसरवर चालणारी साधनं तेव्हा असतील तेवढे कोअर खातात.

सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीच्या पानावर मान्य हार्डवेअरची आणि ऑपरेटिंग सिस्टिमची यादी असते. 'किमान गरज' हा रकाना वाचून फार उपयोग नाही, त्यावर सॉफ्टवेअर फक्त उघडतं. 'शिफारस' हा रकाना वाचा.

रिझॉल्व्हच्या फुकट आवृत्तीवर भिस्त ठेवणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात घ्या. तिचं आउटपुट ३८४० × २१६० आणि ६० फ्रेमपर्यंतच असतं. आणि लिनक्सवर ती एच.२६४ व एच.२६५ उघडतच नाही. मशीनवर लिनक्स टाकून झाल्यावर हे कळणं म्हणजे वरातीमागून घोडं.

४. ग्राफिक्स कार्ड: वेगाआधी मेमरी

कार्ड मंद असेल तर रेंडरला वेळ लागतो. कार्डाची मेमरी, म्हणजे व्हीरॅम, कमी पडली तर काम थांबतं आणि पडद्यावर मेमरी भरल्याचा संदेश येतो. पहिला त्रास सहन होतो, दुसरा नाही.

हिशेब करून बघा. रिझॉल्व्ह आत ३२ बिट फ्लोटमध्ये काम करतं. ३८४० × २१६० ची एक फ्रेम, चार चॅनेल, प्रत्येकी ४ बाइट, म्हणजे सुमारे १३३ एमबी. आता टेम्पोरल नॉइज रिडक्शन (शेजारच्या फ्रेमशी तुलना करून चित्रातले दाणे घालवणं) लावून मागच्या-पुढच्या पाच-पाच फ्रेम बघायला सांगितल्या, तर ११ फ्रेम झाल्या, जवळपास दीड जीबी. हे एका नोडसाठी, म्हणजे ग्रेडिंगच्या एका टप्प्यासाठी, आणि तेही फक्त आत येणाऱ्या चित्राचं. त्यावर आणखी नोड, प्लगइन, दुसरा मॉनिटर, ब्राउझर. ८ जीबीचं कार्ड यात कसं गुदमरतं ते लक्षात येईल.

माझा अंदाज असा: एचडी आणि साध्या ग्रेडला ८ जीबी चालेल, ४के ग्रेडिंगला १२ ते १६, नॉइज रिडक्शन आणि मोठ्या रिझोल्यूशनचं रॉ रोजचं असेल तर २४. दोन कार्डांमध्ये निवड करायची असेल तर थोडं मंद पण जास्त व्हीरॅमचं घ्या. दोन कार्डं लावल्याने व्हीरॅमची बेरीज होते हा गैरसमज आहे. दोन्ही कार्डांना त्याच फ्रेम आपापल्या मेमरीत ठेवाव्या लागतात.

लॅपटॉप घेत असाल तर कार्डाच्या नावावर जाऊ नका. डेस्कटॉपच्या आरटीएक्स ४०९० मध्ये २४ जीबी आहे, त्याच नावाच्या लॅपटॉप कार्डात १६. शिवाय लॅपटॉपमध्ये कार्डाला किती वॅट मिळतात ते मॉडेलगणिक बदलतं. तो आकडा शोधा.

५. प्रोसेसर

कोअरच्या आकड्याची भुरळ पडते. रोजच्या एडिटला भरपूर संथ कोअरपेक्षा १२ ते १६ वेगवान कोअर उपयोगी. ३२ किंवा ६४ कोअरचे वर्कस्टेशन प्रोसेसर थ्रीडी रेंडरिंगला किंवा सतत एन्कोडिंग करणाऱ्यांना शोभतात. ते घेण्याचं खरं कारण बहुतेकदा कोअर नसून पीसीआय लेन (कार्डं आणि डिस्क प्रोसेसरला जोडणाऱ्या वाटा) असतात, त्याबद्दल सातव्या मुद्द्यात.

६. रॅम

३२ जीबीवर सुरुवात होते, ६४ वर स्वस्थ बसता येतं. आफ्टर इफेक्ट्स किंवा न्यूक (व्हीएफएक्सचं सॉफ्टवेअर) रोज वापरणार असाल तर १२८ चा विचार करा: ३८४० × २१६० ची १६ बिट फ्रेम सुमारे ६६ एमबीची, म्हणजे २४ फ्रेमच्या वेगाने १० सेकंदांच्या प्रीव्ह्यूला जवळपास १६ जीबी रॅम गेली.

चार स्लॉट दिसले म्हणून चार छोट्या पट्ट्या लावू नका. नेहमीच्या डीडीआर ५ मदरबोर्डवर चार पट्ट्यांना वेग कमी करावा लागतो. दोन मोठ्या पट्ट्या घ्या, एकाच किटमधल्या.

७. डिस्क आणि त्या जिथे बसतात तो मदरबोर्ड

मला विचाराल तर नवख्याचं मशीन सगळ्यात जास्त इथेच अडतं, कारण डिस्कची जागा बघून खरेदी होते, वेग बघून नाही.

आकडे समोर ठेवू. ३८४० × २१६०, सेकंदाला २४ फ्रेम, प्रोरेस ४२२ एचक्यू: सेकंदाला ७०७ मेगाबिट, म्हणजे साधारण ८८ एमबी. तासाला ३१८ जीबी. साधी फिरती हार्ड डिस्क सेकंदाला १५० ते २५० एमबी देते. एक स्ट्रीम आरामात चालेल, दुसरी कदाचित, तिसरीला डिस्कचा काटा इकडून तिकडे धावून दमतो. साटा (जुन्या प्रकारच्या जोडणीची) एसएसडी ५५० च्या आसपास. पीसीआय ४.० ची एनव्हीएमई (थेट पीसीआय लेनवर चालणारी एसएसडी) ७,००० पर्यंत जाते. दुसऱ्या टोकाला ४०९६ × २१६० चं १० बिट डीपीएक्स (प्रत्येक फ्रेमची वेगळी, न दाबलेली फाइल): एक फ्रेम सुमारे ३५ एमबी, सेकंदाला ८५० एमबी, तासाला ३ टीबी. तिथे साटाचा निभाव लागत नाही.

मांडणी अशी करा:

- ऑपरेटिंग सिस्टिम आणि सॉफ्टवेअर: एक एनव्हीएमई, १ टीबी पुरेशी
- कॅशे (सॉफ्टवेअरच्या तात्पुरत्या फाइल) आणि प्रीव्ह्यू: वेगळी एनव्हीएमई. इथे सतत लिहिणं-पुसणं चालतं, ही डिस्क झिजणार असं धरून चला आणि तिच्यावर दुसरं काहीही ठेवू नका
- चालू कामाचं फुटेज: तिसरी एसएसडी किंवा रेड (RAID, एकत्र जोडलेल्या अनेक डिस्क; वरची कॅमेरा कंपनी नव्हे)
- संपलेली कामं आणि बॅकअप: फिरत्या डिस्क

आता सापळे. स्वस्त मोठ्या एसएसडी बहुधा क्यूएलसी प्रकारच्या (एका कप्प्यात चार बिट कोंबणाऱ्या) असतात. सुरुवातीला झपाट्याने लिहितात, मग आतली वेगवान जागा भरली की वेग इतका कोसळतो की फिरती डिस्क बरी वाटावी. दोन-चार जीबीच्या चाचणीत हे दिसत नाही, ३०० जीबी कॉपी केल्यावर दिसतं. फिरत्या डिस्कमध्ये एसएमआर (एकमेकांवर चढवलेल्या पट्ट्यांत लिहिणारा) प्रकार टाळा, रेडमध्ये तर नक्कीच. आणि टाइप-सी चं तोंड सगळीकडे सारखं दिसत असलं तरी आतला वेग ४८० मेगाबिटपासून ८० गिगाबिटपर्यंत काहीही असू शकतो. चार्जिंगची केबल एसएसडीला लावून "डिस्क खराब आहे" म्हणणारे मी पाहिलेत. त्यात मीही एकदा होते.

रेड म्हणजे बॅकअप नव्हे. रेड ५ मध्ये एक डिस्क मेली तर काम चालू राहतं, एवढंच. चुकून डिलीट केलेला फोल्डर सगळ्या डिस्कवरून एकदमच जातो. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या इमारतीत. ४० तासांचं वरच्यासारखं प्रोरेस फुटेज म्हणजे पावणेतेरा टीबी, तीन प्रती म्हणजे ३८ टीबी. हा आकडा मशीनच्या बजेटमध्ये पहिल्या दिवसापासून धरा.

या सगळ्या डिस्क मदरबोर्डवर बसल्या पाहिजेत. मदरबोर्डच्या फोटोत दोन लांब स्लॉट दिसतात, पण दुसऱ्यात बरेचदा चारच लेन जोडलेल्या असतात. काही बोर्डांवर एखाद्या एम.२ स्लॉटमध्ये (एनव्हीएमई जिथे बसते तिथे) डिस्क लावली की दोन साटा पोर्ट बंद पडतात, किंवा ग्राफिक्स कार्डाच्या लेन निम्म्या होतात. हे मॅन्युअलमध्ये तळटीपेत लिहिलेलं असतं. खरेदीआधी मॅन्युअल उतरवून घ्या आणि ग्राफिक्स कार्ड, व्हिडिओ आउटपुट कार्ड, १० गिगाबिट नेटवर्क कार्ड आणि तीन एम.२ डिस्क एकत्र कुठे बसतील ते पेन्सिलने मांडून बघा. बसत नसतील, तर तेव्हा जास्त लेनच्या वर्कस्टेशन प्रोसेसरकडे वळा.

८. मॉनिटर

ग्रेडिंग करणार नसाल तर हा मुद्दा सोडून द्या. एक बरा मॉनिटर घ्या आणि पुढे चला.

करणार असाल तर मॉनिटरचे पैसे ग्राफिक्स कार्डाआधी बाजूला काढा. ऑपरेटिंग सिस्टिम आणि कार्डाचा ड्रायव्हर वाटेत रंगात ढवळाढवळ करू शकतात, म्हणून ग्रेडिंगचं चित्र ब्लॅकमॅजिक किंवा एजाच्या आउटपुट कार्डातून थेट मॉनिटरला द्यायचं. नेहमीच्या व्हिडिओसाठी रेक.७०९ (रंगांचं मानक), गॅमा (मधल्या छटा किती गडद) २.४, १०० निट (उजेडाचं माप). सिनेमागृहासाठी पी३ (सिनेमाचं रंगमानक), गॅमा २.६ आणि पांढरा रंग ४८ निट. म्हणजे सिनेमागृहातलं चित्र पुष्कळ अंधारं असतं, आणि उजेडाच्या खोलीत बसून ते ठरवता येत नाही. भिंत करडी, मॉनिटरमागे ६५०० केल्विनचा मंद दिवा आणि दर काही महिन्यांनी प्रोबने (पडद्याचे रंग मोजणाऱ्या उपकरणाने) कॅलिब्रेशन. प्रोब स्वतःचा नसला तर भाड्याने आणा.

९. वीज, उष्णता, आवाज

पॉवर सप्लाय लागेल त्यापेक्षा तिसऱ्या हिश्शाने जास्त घ्या, नव्या कार्डांचा विजेचा वापर क्षणभर एकदम उसळी मारतो. यूपीएस शुद्ध साइन वेव्हचाच. पंखे मोठे आणि संथ फिरणारे. एडिटिंगला पंख्याची घरघर चालते, साउंडला नाही: संवादातली हलकीशी हिस्स तिच्याखाली सहज दडते.

१०. मॅक की पीसी

या वादात मला पडायचं नाही, पण दोन गोष्टी बघा. ज्यांच्याकडे काम जाणार ते प्रोरेस मागत असतील आणि फुटेजही तेच असेल, तर ॲपलच्या चिपमधलं प्रोरेस इंजिन फार उपयोगी पडतं. मॅकमध्ये ते २०२१ च्या एम१ प्रो आणि एम१ मॅक्समध्ये पहिल्यांदा चिपवर आलं, साध्या एम१ मध्ये नाही. आणि ॲपलच्या चिपवाल्या मॅकची मेमरी नंतर वाढवता येत नाही, ग्राफिक्सही तीच मेमरी वापरतं. त्यामुळे जेवढी लागेल असं वाटतं त्याच्या एक पायरी वर जा. पीसीत आज ६४ घेऊन पुढच्या वर्षी बदलता येते.

११. पैसे देण्याआधी आणि पहिल्या आठवड्यात

जाताना बरोबर न्या: पहिल्या पायरीतल्या क्लिप एका वेगवान एसएसडीवर, तुमचा एखादा खरा प्रोजेक्ट, आणि कागदावरची कुंडली. विकणाऱ्याच्या चकचकीत डेमो क्लिपवर विश्वास ठेवू नका. तुमच्या क्लिप टाइमलाइनवर टाका, उलट चालवा, तीन स्ट्रीम एकावर एक ठेवा आणि टास्क मॅनेजरमध्ये ग्राफिक्स कार्डाच्या 'व्हिडिओ डीकोड' या आलेखाकडे बघा. तो सपाट आणि प्रोसेसर शंभर टक्क्यांवर असेल, तर माझी पहिली चूक तुमच्यासमोर उभी आहे.

घरी येताना हातात असायला हवं: प्रत्येक पार्टचा सीरियल नंबर लिहिलेलं बिल, प्रत्येक पार्टची वेगवेगळी वॉरंटी, ऑपरेटिंग सिस्टिमचं लायसन्स, पॉवर सप्लायच्या सुट्या केबल आणि रिकामी खोकी. केबल फेकू नका, दुसऱ्या पॉवर सप्लायची केबल बसली तरी तिची जोडणी वेगळी असू शकते आणि डिस्क जळते.

परत करण्याची मुदत संपण्याआधी मशीनला घाम फोडा. नॉइज रिडक्शन लावलेला तासाभराचा रेंडर रात्रभर दोनतीनदा चालवा. रॅमची चाचणी मेमटेस्टने करा. फुटेजच्या डिस्कवर ३०० जीबी एकदम कॉपी करा आणि वेग कुठे पडतो ते लिहून ठेवा.

सगळं नीट चाललं की ड्रायव्हरची, सॉफ्टवेअरची आणि ऑपरेटिंग सिस्टिमची आवृत्ती कागदावर टिपा, तो कागद कॅबिनेटला चिकटवा आणि अपडेट आपोआप होणं बंद करा. चालू कामाच्या मधे आवृत्ती बदलायची नाही. बदलावीच लागली तर आधी प्रोजेक्ट लायब्ररीचा बॅकअप घ्या: रिझॉल्व्हची लायब्ररी एकदा नव्या आवृत्तीत चढवली की जुनी आवृत्ती ती उघडत नाही.